सोळा जीबीच्या खाली नाही

३ जुलै

बाबांनी लॅपटॉपला होकार दिला. आकडाही सांगितला. आकडा फारच लहान होता. मग विचार केला, भरपूर पैसे असले की कोणीही चांगला लॅपटॉप घेईल. इंजिनिअरचा कस कमी बजेटमध्येच लागतो.

बाबा लिफ्टच्या मेंटेनन्समध्ये आहेत. त्यांना रॅम, प्रोसेसर, एसएसडी असं सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, लिफ्ट कुठलीही असो, बटण दाबल्याशिवाय वर जात नाही. मुद्दा बरोबर आहे. पॉवर बटणाची क्वालिटी बघायला हवी.

संकल्प: रविवारपर्यंत लॅपटॉप घरात. सोमवारपासून रोज कोडिंग. सोळा जीबी रॅमच्या खाली जायचं नाही.

६ जुलै

कॉलेजात प्रोजेक्टचे ग्रुप पडले. आमच्यात तिघं. मी, लंबू आणि मॉनिटर. मॉनिटर ही मुलगी आहे. पहिल्या वर्षी हजेरी घ्यायची, तेव्हापासून नाव पडलं ते पडलं. कमी बोलते. लंबू तर बोलतच नाही, नुसता उंच आहे.

विषय मी सुचवला. आमच्या इमारतीत खाली डेंटिस्टचा दवाखाना आहे. तिथे नंबरावरून रोज भांडणं. एकेकाचा गाल सुजलेला, त्यामुळे कोण काय बोलतंय ते दुसऱ्याला कळत नाही आणि भांडण वाढतं. तर घरबसल्या नंबर लावायचं ॲप करायचं. डॉक्टरांना विचारून आलो. ते म्हणाले, चाललं तर नक्की वापरेन.

विषय माझा म्हणजे लीडर मी. कोणी विरोध केला नाही. मुख्य कोड मी लिहिणार असं जाहीर केलं. मशीन आलं की लगेच. तोवर कोणी काही सुरू करायचं नाही, नाहीतर नंतर सगळं निस्तरत बसावं लागतं. मॉनिटरने विचारलं, कधी येतंय? म्हटलं, आठवड्याभरात. म्हणाली, "बरं. थांबते."

टीमचा विश्वास ही मोठी गोष्ट आहे.

१० जुलै

रविवारी घेतला नाही. मुद्दाम. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग हे आपल्याला जमायचं नाही. आधी अभ्यास.

व्हिडिओवाले दोघं सापडले. दाढीवाला म्हणतो, विद्यार्थ्याला आठ जीबी पुष्कळ. टोपीवाला म्हणतो, आठ जीबी घेणाऱ्याने सरळ पाटी-पेन्सिल घ्यावी. मत एकतर्फी व्हायला नको म्हणून दोघांचे सगळे व्हिडिओ बघायचं ठरवलं.

आईने विचारलं, अभ्यास चाललाय ना? म्हटलं, हाच अभ्यास. आई बालवाडीत शिकवते. तिला अशा उत्तरांची सवय आहे.

१३ जुलै

दुकानात जाऊन आलो. बाजाराच्या टोकाचं दुकान, वर पाटी, आत थंडगार. मालक शांत माणूस. कशासाठी हवाय, त्याने विचारलं. म्हटलं, सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट. तो म्हणाला, वा, सध्या काय करताय? म्हटलं, सध्या लॅपटॉप निवडतोय.

मांडलेल्या सगळ्या मशीनच्या कीबोर्डवर माझं नाव टाइप करून बघितलं. सगळीकडे सारखंच उमटलं, त्यामुळे निष्कर्ष निघाला नाही. परत जावं लागेल.

२० जुलै

ताईचा आगाऊपणा. ताई औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. माणसं डॉक्टरची चिठ्ठी घेऊन येतात, तिला वाटतं जगात प्रत्येक गोष्टीवर गोळी असते. म्हणाली, माझा जुना लॅपटॉप पडलाय, तो घे, सुरुवात तर कर.

तिच्या लॅपटॉपचं झाकण सैल झालंय. स्क्रीन भिंतीला टेकवली तरच उभी राहते. चालू व्हायला इतका वेळ घेतो की मधल्या वेळात आंघोळ होते. नम्रपणे नकार दिला. असल्या मशीनवर शिकलं की हाताला वाईट सवयी लागतात, असं सांगितलं. ती म्हणाली, "वाईट तर वाईट, कसली तरी सवय लागू दे."

प्रोफेशनल माणसाला घरात कोणी ओळखत नाही.

२७ जुलै

आज प्रत्यक्ष खरेदीला सुरुवात. बॅग घेतली. लॅपटॉपची. वॉटरप्रूफ, आत मऊ अस्तर, चार्जरला वेगळा कप्पा. सोबत माऊस आणि खाली पंखे असलेला कूलिंग पॅड. मशीन तापलं तर ऐनवेळी धावपळ नको. बजेटमधून थोडेसे गेले, पण ते शेवटी जाणारच होते.

बाबांनी बॅग उचलून बघितली. हलकी आहे, म्हणाले.

४ ऑगस्ट

बॅग खांद्याला लावून कॉलेजला जातो. सवय व्हायला हवी. पण रिकामी बॅग मध्येच घडी पडल्यासारखी दिसते, म्हणून आत आईची छोटी उशी घातली. आकार छान आला. वर्गात एक-दोघांनी वळून बघितलं.

लायब्ररीच्या दारात वॉचमनने सगळ्यांच्या बॅगा उघडायला लावल्या. नवीन नियम. त्याने उशी बाहेर काढली, उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, लायब्ररीत झोपायला मनाई आहे. मागे मोठी रांग होती. रांगेत मॉनिटर होती.

ती दुसरीकडे बघत होती. समजूतदार आहे.

९ ऑगस्ट

मॉनिटर घरी आली. मशीनचं काय झालं, असं विचारायला. तिला माझ्या खोलीत बसवून आत्तापर्यंतचा अभ्यास सविस्तर सांगितला. प्रोसेसरच्या पिढ्या, रॅमचा रिकामा स्लॉट असण्याचं महत्त्व, स्क्रीनचा उजेड. सगळं ऐकलं. मग म्हणाली, कॉलेजची लॅब पाचला बंद होते, माझ्याकडे घरी काही नाही, मोबाईलवर कोड लिहून बघितला पण बोटं सुजली.

ताई दारात उभी राहून ऐकत होती. आत गेली आणि स्वतःचा तो जुना लॅपटॉप आणून तिच्या हातात ठेवला. चार्जरसकट. भिंतीला टेकवून ठेव, म्हणाली. मॉनिटरने तो पोटाशी धरला आणि गेली. पिशवीसुद्धा नव्हती.

माझ्याकडे वॉटरप्रूफ बॅग होती, पण ती नव्या मशीनच्या मापाची आहे.

१७ ऑगस्ट

ऑनलाइन सेल. महिनाभर याचीच वाट बघत होतो. मनासारखा लॅपटॉप, सोळा जीबी, बजेटमध्ये. कार्टमध्ये टाकला. शेवटचा क्लिक बाकी होता. तेवढ्यात वाटलं, टोपीवाल्याने याच्यावर काय म्हटलंय ते एकदा बघू. त्याचा व्हिडिओ लांब असतो. तो म्हणाला, डोळे झाकून घ्या.

परत आलो तोवर संपला होता.

इतक्या सहज कोणालाही मिळणारी वस्तू आपल्याला नकोच.

२५ ऑगस्ट

वरच्या मजल्यावरचे काका आले. त्यांच्या मुलीला आर्किटेक्चरसाठी लॅपटॉप हवा होता. तिचं काम विचारलं, बजेट विचारलं आणि चहा गार व्हायच्या आत मॉडेल सांगितलं. त्यांनी त्याच संध्याकाळी आणला. मुलगी खूश. काका म्हणाले, डोकं आहे तुला.

मग मावशीचा फोन. तिला हिशेब आणि सिनेमा, दोन्हीला चालेल असा हवा होता. तिलाही सांगितला. ताई म्हणाली, दुसऱ्यांची लग्नं पटापट जमवतोस, स्वतःचं अडलंय कुठे? दुसऱ्यांच्या मशीनवर माझं करिअर उभं राहणार नाहीये, एवढंच म्हटलं.

७ सप्टेंबर

दुकानात आता मला स्टूल देतात. मालक गोदामात गेला की गिऱ्हाईक माझ्याशी बोलतं. आज एका वकीलबाईंना दीडपट महाग मशीन घेण्यापासून परावृत्त केलं. मालक बाहेर येऊन ऐकत उभा होता. मला वाटलं चिडेल. त्या बाईंनी स्वस्तातलं मशीन घेतलं आणि उरलेल्या पैशांत ऑफिससाठी प्रिंटर. मालकाने माझ्यासाठी बिस्किटं मागवली.

माझा निर्णय अगदी शेवटच्या टप्प्यात आहे. आता दोनच मॉडेल. फार तर तीन.

१५ सप्टेंबर

पाच.

२८ सप्टेंबर

दाढ. सकाळपासून ठणका. खाली दवाखान्यात गेलो तर सगळं शांत. भांडण नाही, आरडाओरडा नाही. बाकावर दोनच माणसं, तीही पेपर वाचत. दारावर कागद: नंबर मोबाईलवर लावा. खाली आमच्या ॲपचं नाव. म्हणजे जे नाव मी सुचवलं होतं ते नव्हे, दुसरं. जरा सोपं.

माझा मोबाईलवर नंबर नव्हता, त्यामुळे शेवटपर्यंत बसावं लागलं.

डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं, कापूस भरला आणि मग बोलायला लागले. काय सुंदर काम केलंय म्हणे पोरांनी. लोक वेळेवर येतात, माझं जेवण वेळेवर होतं. ती चष्म्यातली मुलगी आठवडाभर इथे बाकावर बसायची, पेशंटना काय अडतंय ते विचारायची. तो उंच मुलगा म्हाताऱ्या माणसांना मोबाईलवर शिकवायचा. "तुमच्याच कॉलेजची आहेत. ओळखता का?"

मी सांगायचा प्रयत्न केला की मी लीडर आहे. डॉक्टर म्हणाले, दुखतंय का? थांबा, अजून एक इंजेक्शन देतो.

२९ सप्टेंबर

अर्धा गाल बधिर असतानाच कॉलेजला जाऊन मॉनिटरला गाठलं. लीडरला न विचारता काम पूर्ण केल्याबद्दल समज द्यायची होती. शांतपणे दिली.

ती पण शांतपणेच बोलली. म्हणाली, मी पहिला महिना काहीच केलं नाही, कारण तू थांब म्हणालास. वर्गात तू सगळ्यांत जास्त बोलायचास. मला वाटलं, ह्याला खरंच येत असणार. घरी सांगितलं होतं की ग्रुप चांगला मिळालाय. मला या प्रोजेक्टवर सुट्टीतली ट्रेनिंगची जागा मिळवायची होती, तुझ्या भरवशावर ती जवळजवळ घालवली होती. "तुझं नाव काढलेलं नाही. पण परीक्षकांनी विचारलं तर काय सांगायचं ते तूच बघ."

लंबू बाजूला होता. तो पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, गाल सुजलाय तुझा.

एकूण चर्चा चांगली झाली. भरवसा हा शब्द तिने स्वतःहून वापरला.

३० सप्टेंबर

ती म्हणाली, मला वाटलं ह्याला खरंच येत असणार.

आज दुकानात गेलो नाही.

१९ ऑक्टोबर

प्रोजेक्टची परीक्षा. बाहेरून परीक्षक आले होते. मॉनिटरने ॲप दाखवलं. स्क्रीन भिंतीला टेकवावी लागते म्हणून तिने टेबल सरकवून भिंतीपाशी नेलं आणि तिथेच उभी राहिली. एकदाही अडखळली नाही. परीक्षकांनी मुद्दाम चुकीचा नंबर टाकला, तर ॲपने तो घेतला नाही. लंबूने पेशंटच्या अडचणी सांगितल्या. सलग बोलला. आवाज चांगला आहे त्याचा.

मग परीक्षक माझ्याकडे वळले. तुमचं काम? मी म्हटलं, हार्डवेअर रिसर्च. त्यांनी विचारलं, म्हणजे नेमकं काय? मी सांगायला सुरुवात केली. त्यांनी पेन खाली ठेवलं. वाटलं, जमलं. ते म्हणाले, माझ्या भाच्याला एक घ्यायचाय, बजेट कमी आहे, काय घेऊ? त्यांना मॉडेल सांगितलं, कुठल्या रंगाचं तापतं कमी तेही सांगितलं. त्यांनी आमच्याच मार्कांच्या कागदाच्या मागे लिहून घेतलं.

कागदाच्या पुढच्या बाजूला मला पास होण्यापुरते मार्क आहेत. मॉनिटरला पूर्ण. तिला ट्रेनिंगची जागा मिळाली, असं सरांनी नंतर सगळ्यांसमोर सांगितलं. टाळ्या वाजल्या. मी पण वाजवल्या. जोरात वाजवल्या, कारण टीम माझीच होती.

३ नोव्हेंबर

निर्णय झाला.

खरंच झाला. आठ जीबी, रिकामा स्लॉट, पुढे वाढवता येतं. दाढीवाला पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता, पण ते स्वतंत्रपणे सिद्ध करणं गरजेचं होतं. बॅग, माऊस, कूलिंग पॅड, नंतर घेतलेला हेडफोन वगळून जे उरलंय त्यात बसतो. दुकानात एकच पीस शिल्लक. कंपनीने मॉडेल बंद केलंय. मालक म्हणाला, परवा या, ठेवतो.

आईला सांगितलं. तिने माझ्या टेबलावरचा पसारा आवरून जागा केली. नको म्हटलं तरी केली.

५ नोव्हेंबर

बाबांना सुट्टी नव्हती, म्हणून पैसे घेऊन एकटाच गेलो. मालक बँकेत गेला होता. जाताना दुकान माझ्यावर सोपवून गेला. माझ्या लॅपटॉपचा डबा काउंटरवर समोरच होता. सीलबंद.

एक बाई आल्या, सोबत त्यांची मुलगी. मुलगी कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला. दोघी तीन दुकानं फिरून दमल्या होत्या. प्रत्येकाने वेगळं सांगितलेलं. बाई म्हणाल्या, अहो दादा, आम्हाला ह्यातलं काही कळत नाही, हिला शिकायचंय, फसवणार नाही असा एक द्या. मुलगी नुसती माझ्याकडे बघत होती.

मी सांगायला लागलो. विद्यार्थ्याला नेमकं काय लागतं, काय लागत नाही. रॅम आत्ता आठ पुरे, पुढे स्वतःच्या कमाईतून वाढव. रंगीत दिव्यांच्या कीबोर्डवर पैसे घालवू नकोस. व्हिडिओ फार बघू नकोस. घरी गेल्या गेल्या पहिला प्रोग्रॅम लिही, मशीन लावून झाल्यावर सेटिंग करत बसू नकोस. चुकला तरी लिही. मला इतकं सलग आणि इतकं बरोबर बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. बाई म्हणाल्या, मग असा कुठला आहे?

मी डब्यावर हात ठेवला. म्हटलं, हा.

पुढचं फार पटकन झालं. मुलीने डबा दोन्ही हातांनी उचलला. पिशवी मोठी नव्हती, म्हणून मी माझी बॅग देऊन टाकली. मापात बसला.

मालक परत आला तेव्हा मी बिल फाडत होतो. त्याने काउंटरची रिकामी जागा बघितली, माझ्याकडे बघितलं आणि बराच वेळ डोकं खाजवलं. मग म्हणाला, सोमवारपासून येता का? पगार देतो. कॉलेज सुटल्यावर, आणि सुट्टीत पूर्ण दिवस.

संध्याकाळी बाबांना सगळं सविस्तर सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून बसले. खांदे हलत होते. त्यांना फार वाईट वाटलं असावं. मग तोंड पुसून म्हणाले, ते पैसे इकडे दे. तू कमाव, लागतील तेवढे मी घालीन. पण दुकानातून ये ते मशीन घेऊनच ये, माहिती घेऊन येऊ नकोस. आई उठून स्वयंपाकघरात गेली. तिथूनही आवाज येत होता.

१२ नोव्हेंबर

हार्डवेअर इंडस्ट्रीत रुजू झालो. शर्टावर दुकानाचं नाव आहे.

दुपारी गिऱ्हाईक नसतं. तेवढ्यात डिस्प्लेवरच्या लॅपटॉपवर पहिला प्रोग्रॅम लिहायचं ठरवलं. पण तो डिस्प्लेचा पीस. त्यावर फक्त समुद्राचा व्हिडिओ चालतो. कुठलंही बटण दाबलं की लाट परत पहिल्यापासून येते. थोडा वेळ बघत बसलो.

मग मालक जवळ आला. म्हणाला, दुरुस्तीला आलेली मशीन कोणाची, कधी द्यायची, सगळं माझ्या डोक्यात असतं आणि डोकं आता राहत नाही. काल एकाचा लॅपटॉप दुसऱ्याला दिला. त्याच्यासाठी काहीतरी सॉफ्टवेअर करून घ्यायचंय, पैसे देईन. "तुम्ही सॉफ्टवेअरवाले ना? तुम्हीच करा की."

करतो, मशीन आलं की लगेच, असं तोंडात आलं होतं. आजूबाजूला बघितलं. दुकानात सगळीकडे मशीनच मशीन होती.

मोबाईल काढला आणि त्याला एक नंबर दिला. मॉनिटरचा. म्हटलं, हिला येतं. खरंच येतं.

त्याने माझ्यासमोरच फोन लावला. काम सांगितलं. नंबर कोणी दिला, असं तिने विचारलं असणार, कारण तो म्हणाला, आमच्या सेल्समनने. नाव सांगितलं. मग बराच वेळ नुसतं हं, हं. फोन ठेवल्यावर म्हणाला, करते म्हणाली, उद्या येऊन बघून जाईल. पण एक अट घातलीय.

मला वाटलं पैशांची. काम चांगलं करते, तिने मागायलाच हवेत. तसं म्हटलंही.

मालक म्हणाला, पैशांची नाही. अट अशी आहे की तुम्ही मध्ये पडायचं नाही.

म्हटलं, मंजूर.

मग काउंटर पुसला.